समोरच दिसणारी शाळा

प्रवासवर्णन लिहायचं तर माणूस कुठेतरी लांब जाऊन आलेला असावा लागतो, एवढं मला कळतं. मी घणसोलीहून निघालो, एकदा नावड्याला गेलो, मग उरणच्या बाजूला मोऱ्याला गेलो, आणि प्रत्येक वेळी जेवायला घरी आलो. ना हिमालय, ना समुद्र ओलांडून कुठला देश. त्यामुळे हे लिहायला बसताना संकोच वाटतो आहे. त्यात आमच्या घरात माझ्याआधी कुणी दोन ओळींचा अर्जसुद्धा स्वतः लिहिलेला नाही. गरज पडली की वडील कागद घेऊन शेजाऱ्याकडे जायचे. तेव्हा माझ्या लिहिण्यात चुका निघतील, त्या पोटात घालाव्यात.

तरी लिहितो आहे, कारण या प्रवासात माझ्या हातून एक मोठी चूक झाली, आणि ती भाषेची नव्हती. जिथे झाली त्या पाड्याचं नाव मी मुद्दाम लिहिणार नाही. बाकी सगळं झालं तसं सांगतो.

घणसोली

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील भाजी मार्केटात माथाडी कामगार. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात, जावळीच्या डोंगरात. चौथीपर्यंत मी तिथल्याच शाळेत शिकलो. एक खोली, एक गुरुजी आणि चारही वर्गांची मिळून आम्ही नऊ मुलं. ती शाळा घराजवळ नसती तर मी गुरं राखली असती, यात मला शंका नाही. माझे दोन्ही चुलतभाऊ, ज्यांची वाडी लांब होती, त्यांनी तेच केलं.

आता आम्ही घणसोली गावात म्हात्रेकाकांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. त्यांची मुलगी तेजल माझ्याच वर्गात आहे. म्हणजे कॉलेजात आम्ही बरोबरीचे आणि जिन्यात ती घरमालकाची मुलगी. मला तिचा जरा धाक वाटतो, आणि तिला ते माहीत आहे.

जानेवारीत एका संस्थेने सरकारी शाळांच्या पाहणीसाठी आमच्या कॉलेजातली मुलं घेतली. हजेरीपटाच्या क्रमाने जोड्या लावल्या, तेव्हा मोहिते आणि म्हात्रे एकत्र आले. संस्थेचे समन्वयक शांत स्वभावाचे होते. आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांनी दोन दिवस शिकवलं. मुलाला वाचायला कसं द्यायचं, तो अडला तर मदत करायची नाही, पण तोंडही पाडायचं नाही. सगळी माहिती मोबाईलवरच्या फॉर्मात भरायची. पटावर मुलं किती, आज हजर किती, पाणी आहे का, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का. अगदी शेवटचा प्रश्न होता, जवळची दुसरी शाळा किती अंतरावर? त्याला तीन पर्याय होते. एक किलोमीटरच्या आत, एक ते तीन, तीनच्या पुढे. हा प्रश्न येईपर्यंत विचारणारा आणि सांगणारा दोघंही दमलेले असत.

निघायच्या दिवशी म्हात्रेकाका ओट्यावर बसले होते.

"कं चाललाव दोघं?"

"शाळा बघायला, काका."

"आमची शाला होती तिथं आता टॉवर हाय. तो पन बघून घ्या. लिफ्टनं जाता येतं."

नावडे

पहिला मोठा दिवस नावड्याचा. तळोज्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुलं तिथल्या शाळेत येतात. आम्ही तिसरीच्या वर्गात गेलो तर दारातून पाय ठेवायला जागा नव्हती. बाकं भरून मुलं खाली बसली होती, आणि खाली बसलेल्यांच्या दप्तरांवर आणखी काही जण. मुलांनी एका सुरात "नमस्ते सर" म्हटलं. मी मागे वळून पाहिलं, कोण सर आले म्हणून. तेजल तोंडावर ओढणी धरून हसत राहिली.

"अरे तूच सर," ती म्हणाली. "मागं भिंत आहे."

तिथे एक मुलगा भेटला. घरी भोजपुरी, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी. मराठीतला उतारा त्याने न अडखळता वाचला आणि विचारलं, "सर, इस में पास-फेल है क्या?" मी नाही म्हटलं. त्याचं समाधान झालं नाही. "फिर पढ़वाया काहे को?" वर्गावरचे शिक्षक म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. दरवर्षी कोणीतरी येतं, वाचून घेतं, जातं. वर्ग आहे तेवढाच राहतो." त्यांनी आम्हाला पोहे खिलवले. दुपारनंतर वाऱ्याची दिशा बदलली आणि कारखान्यांचा उग्र वास आला, तशी मुलं कुणी न सांगता उठली आणि खिडक्या लावून परत जागेवर बसली. आमच्या गावी मुलं ढग आले की अशी उठायची, वाळत घातलेलं धान्य गोळा करायला.

परत येताना माझ्या मनात एकच विचार होता. इतक्या मुलांना इतकी थोडी जागा. म्हणजे कुठेतरी जागा वाढवायला पैसा आणि माणसं लागणार, आणि ती कुठून तरी काढावी लागणार. ती कुठून काढतात, याचा विचार मी केला नाही.

मोरा

मोऱ्याच्या दिवशी मी एकटा होतो. तेजलच्या मामेभावाची हळद होती, आणि आगरी माणसांच्या घरात हळद असली की त्या दिवशी घरातलं कोणी दुसऱ्या कामाला हलत नाही. आमच्याकडे हळद म्हणजे सकाळी पाच बायका आणि एक वाटी. इथे रात्रभर बँड. तिने मला फोनवर बजावलं होतं, "नीट भर. घाई करू नको." मी घाई केली नाही. चूक तरी झाली.

मोरा बंदराचा धक्का माझ्या ओळखीचा नव्हता. मुंबईहून आलेली लाँच माणसं उतरवत होती. बाजूला जवळा वाळत घातलेला, त्यावरून चालू नये म्हणून मी इतका जपून पाय टाकत होतो की एक म्हातारी म्हणाली, "नाच करतोस का रं?" तिथून सहा आसनी रिक्षाने खाडीच्या कडेकडेने पाड्यावर गेलो. वस्ती लहान, घरं एकमेकांना चिकटून, प्रत्येक दारात जाळी. शाळा टोकाला होती, दोन खोल्यांची, कौलारू, स्वच्छ. पटावर अकरा मुलं होती आणि अकराही हजर.

बाई मात्र नव्हत्या. एकच शिक्षिका, आणि त्यांना मतदार यादीच्या कामाला पाठवलेलं. मुलांजवळ खिचडी शिजवणाऱ्या हिराताई होत्या. अंगाने काटक, वयाने माझ्या आईएवढ्या. त्यांचा नवरा मासेमारीला जातो.

"पाहायला आलास?" त्यांनी विचारलं. "पोरगी का शाला?"

"शाळा, ताई."

"अरेरे. पोरगी पन हाय पाड्यात. चांगली हाय."

मुलं फिदीफिदी हसली. मी लाल झालो असणार, कारण ती आणखी हसली.

वाचन चांगलं झालं. दुसरीतल्या एका मुलीने सगळी गोष्ट धडाधड वाचली आणि मोबाईल माझ्यापुढे सरकवला. "आता तुमी वाचा." मी वाचलं. तिने मान हलवली, म्हणजे मी पास. जेवायच्या सुट्टीत हिराताईंनी मला खिचडी दिलीच, शिवाय घरून तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी आणली. आमच्याकडे भाकरी ज्वारीची, हाताने मोडली की आवाज होतो. ही रुमालासारखी मऊ. दोन खाल्ल्या. पाहणीला आलेल्याने खावं की नाही हे प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं. तेवढ्यावरूनही मला धाकधूक होती. खरी धाकधूक ज्याची वाटायला हवी होती, ते पुढे आलं आणि मला जाणवलंसुद्धा नाही.

शेवटचा प्रश्न मी हिराताईंना विचारला. जवळची दुसरी शाळा किती लांब?

"लांब? लांब नाय. हे काय, समोर दिसतंय." त्यांनी हात केला. पाण्यापलीकडे निळ्या रंगाची मोठी शाळा, झेंड्याचा खांब, मैदानात पळणारी मुलं. "पाच मिनटं."

मी डोळ्यांनी पाहिलं. तेवढ्यात तिथली घंटासुद्धा ऐकू आली. मी पहिल्या पर्यायावर बोट ठेवलं, एक किलोमीटरच्या आत, आणि फॉर्म पाठवला. पडद्यावर हिरवी खूण आली. मला बरं वाटलं. एकट्याने पहिली शाळा पुरी केली होती.

बैठकीचा दिवस

शनिवारी संस्थेच्या खोलीत सगळ्या जोड्या जमल्या. सरांनी भिंतीवर यादी दाखवली. ज्या शाळांचा पट वीसच्या आत आहे आणि एक किलोमीटरच्या आत दुसरी शाळा आहे, त्या मोठ्या शाळेला जोडण्याचा विचार वरच्या पातळीवर चालू आहे, आणि आपल्या पाहणीतली माहिती येत्या शुक्रवारी शिक्षण खात्याच्या कार्यालयात जाणार आहे, असं ते म्हणाले. आमच्या गटाकडून त्या यादीत एकच शाळा होती. माझी.

मी भिंतीवरचं नाव पुन्हा वाचलं. पण सर जे बोलत होते ते चुकीचंही वाटत नव्हतं. "अकरा मुलं, चार इयत्ता, एक शिक्षिका, आणि तीही यादीच्या कामाला. अकरा मुलांत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. मोठ्या शाळेत वाचनालय आहे, प्रत्येक वर्गाला शिक्षक आहे. मुलांचं नुकसान कुठे आहे, सांगा." नावड्याचा वर्ग माझ्या डोळ्यापुढे आला. शिक्षक इथून निघाले तर तिथे जातील, असं मनाशी म्हणून मी स्वतःला समजावत होतो.

बाहेर आल्यावर तेजलने विचारलं, "तो पाडा खाडीच्या अलीकडे ना? आणि मोठी शाळा पलीकडे?"

"हो. पण समोरच आहे. पाच मिनिटं लागतात म्हणाल्या."

"भरतीला का ओहोटीला?"

मी थांबलो.

"होडीनं पाच मिनिटं रे," ती म्हणाली. "माझी आजी मिठागरावर जायची ना, ती असंच सांगायची. पाणी असेल तर पाच मिनटं, नसेल तर दुपार. तू पुढचं विचारलंच नाहीस?"

विचारलं नव्हतं. आणि मला ते माहीत असायला हवं होतं, हेच सगळ्यात जास्त टोचलं. आमच्या डोंगरात समोरच्या वाडीतल्या माणसाशी माझे आजोबा ओरडून बोलायचे. पाऊसपाण्याची, म्हशीची चौकशी व्हायची. आणि त्याच वाडीत लग्नाला जायचं तर दरी उतरून चढून सकाळ जायची. त्या समोरच्या वाडीतच माझे चुलतभाऊ राहायचे. आमची शाळा त्यांनाही समोर दिसायची.

त्या दिवशी आई दोनदा म्हणाली, ताटात काय बघत बसलायस. मी परीक्षेचं टेन्शन आहे म्हणून सांगितलं.

सरांना फोन केला. ते चिडले नाहीत, त्याने उलट जास्त वाईट वाटलं. "पाठवलेला फॉर्म बदलता येत नाही. शेरा जोडता येतो. पण नुसतं 'मला वाटतं' असं लिहू नका. मोजून या."

पुन्हा मोरा, पायी

सोमवारी आम्ही दोघं गेलो. या वेळी बाई होत्या. गायकवाडबाई, लातूरकडच्या, अकरा वर्षं याच शाळेवर. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "दारावर माझा फोन नंबर लिहिलाय. तेवढं तुम्हाला वाचता आलं नाही का?"

तेजल काही बोलणार होती. मी तिला खुणेने थांबवलं. बाईंचं बरोबर होतं. नंबर दारावर होता. मी तो फॉर्मात भरलासुद्धा होता.

हिराताईंना मी विचारलं, "ताई, तुम्ही पाच मिनिटं का म्हणालात?"

"मग काय बोलू? लांब हाय?" त्या चकित झाल्या. "अरे, पाड्यात कोन नवा मानूस आयला, काय पन विचारलं, तर लांब बोलायचं नाय. दवाखाना पाच मिनटं. बाजार पाच मिनटं. इस्टान पाच मिनटं. लांब बोललं की पोरगी देत नाय कोन. माझ्या दिराचं लगीन असंच मोडलं. तवापासून सगल्या पाड्याचं ठरलेलं हाय."

"पण मी पोरगी द्यायला आलो नव्हतो, ताई."

"मना काय ठावूक? केस विंचरून आयलास."

तेजल इतकी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं. मलाही हसू आलं. मग बाईंनी हिराताईंना बाजूला घेऊन सांगितलं, त्या उत्तराचं काय झालं ते. हिराताई चुलीवरचं पातेलं उतरवून म्हणाल्या, "चला. मोजू."

ओहोटी होती. होड्या चिखलात आडव्या पडल्या होत्या. पलीकडची शाळा तशीच समोर दिसत होती, आणि मध्ये नुसता चकचकीत काळा चिखल. मला वाटलं, चालत जाता येत असेल. चार पावलं गेलो आणि गुडघ्यापर्यंत रुतलो.

"हलू नको!" हिराताई ओरडल्या. "हललास तर आनखी जाशील. बस खाली. बस म्हनतंय ना! आता पाय हलू हलू काढ."

मी चिखलात बसलो. पाय निघाला, डाव्या पायातली चप्पल नाही निघाली. ती अजून तिथेच असेल. तेजलने फोटो काढला, मग माझा चेहरा पाहून तो पुसून टाकला. एका घरातून मला रबरी चपला दिल्या, दोन्ही उजव्या पायाच्या.

मग खरी वाट धरली. आधी बांधावरून. तिथे उघाडी आहे, म्हणजे भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांधात बसवलेली दारं. ती तुटून बांधाला मोठं भगदाड पडलंय, त्यामुळे सरळ जाता येत नाही, मागे फिरून डांबरी रस्ता गाठावा लागतो. त्या रस्त्यावर कंटेनर नेणारे ट्रेलर एकामागून एक. पायी चालणाऱ्याला जागाच नाही. ट्रेलर आला की आम्ही तिघं काट्यांत उतरायचो, गेला की पुन्हा वर. हिराताईंनी तेजलचा हात धरला होता. थोड्या वेळाने त्यांनी दुसऱ्या हाताने माझाही धरला. मी वीस वर्षांचा आहे, पण सोडवून घेतला नाही.

निळ्या शाळेच्या फाटकात पोहोचलो तेव्हा एक तास दहा मिनिटं झाली होती. फोनवर अंतर चार किलोमीटर सहाशे मीटर.

ती शाळा वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती चांगली होती. तिथल्या मुख्याध्यापकांनी आम्हाला पाणी दिलं, वर्ग दाखवले. पुस्तकांची कपाटं, उघडी. संगणकाची खोली. भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं. "येऊ द्या की तुमची पोरं," ते म्हणाले, "आम्हाला काय, आनंदच आहे." हिराताई एका रिकाम्या बाकावर बसल्या. त्यावरून हात फिरवला.

"आमची पोरां हितं बसावी असं मना पन वाटतं," त्या हळू म्हणाल्या. "पन यायची कशी? सहा वर्साचं पोर ट्रेलरच्या म्होरं?"

मी आजवर असं समजत होतो की दोन बाजूंपैकी एक बरोबर असते आणि शिकलेल्या माणसाने ती ओळखायची असते. त्या बाकाशेजारी उभं राहून मला काहीच ओळखता येईना. सर खोटं बोलत नव्हते. हिराताईही नाही. फॉर्मात मात्र दोघांसाठी मिळून तीन पर्याय होते, आणि त्यातला चुकीचा मी निवडला होता.

भरती यायला वेळ होता. आम्ही थांबलो. पाणी चढल्यावर हिराताईंच्या ओळखीच्या एकाने होडीतून परत नेलं. मी घड्याळ लावलं. पाच मिनिटं आणि वर थोडे सेकंद. हिराताईंनी माझ्याकडे पाहिलं.

"बोलली होती ना?"

अर्ज

अर्ज मी लिहिला. तीनदा फाडला. पहिल्यात शाळा बंद करू नका असं लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, "ते तुम्ही ठरवू नका. तुम्ही मोजलंय, तेवढं लिहा." मग एवढंच लिहिलं, की अंतर माझ्याकडून चुकीचं भरलं गेलं, रस्त्याने ते चार किलोमीटर सहाशे मीटर आहे, मध्ये खाडी आहे, बांध तुटलेला आहे, रस्त्यावर अवजड वाहनं आहेत. बाईंनी सही केली नाही. सरकारी नोकर म्हणून त्यांना भीती होती, आणि त्यांनी ती लपवली नाही. पालकांच्या सह्यांसाठी तेजल दारोदार फिरली. पुरुष समुद्रावर होते. बायकांनी सह्या केल्या, काहींनी अंगठे. "घणसोलीच्या म्हात्र्यांची का तू?" म्हणत प्रत्येक घरात तिला चहा झाला. मी गेलो असतो तर सह्या मिळाल्या नसत्या, असं ती अजून सांगते, आणि ते खरं असावं.

अर्जाची एक प्रत सरांना दिली. त्यांनी ती शेऱ्याबरोबर जोडली. पण शेरा कोणी वाचतं का, या प्रश्नाला ते फक्त म्हणाले, "काही वेळा." म्हणून गुरुवारी मी स्वतः त्या कार्यालयात गेलो. माझ्या शर्टाला इस्त्री होती. टेबलामागच्या बाबूंनी अर्ज उलटून-पालटून पाहिला.

"तुम्ही पालक?"

"नाही."

"शिक्षक?"

"नाही."

"मग कोणत्या नात्याने?"

"चूक माझी आहे, सर. त्या नात्याने."

त्यांनी चष्मा वर केला. "असा रकाना नाही आमच्याकडे," ते म्हणाले. पण शिक्का मारला आणि पोच दिली. ती पोच मी शर्टाच्या खिशात ठेवून बाहेर आलो आणि बस येईपर्यंत चार वेळा काढून पाहिली.

नंतर

पाहणी संपली. उरलेल्या शाळा आम्ही दोघांनी मिळून केल्या. शेवटचा प्रश्न आला की तेजल लगेच विचारायची, "कशानं? चालत का गाडीनं? मध्ये काय आहे?" लोक वैतागायचे. मग परीक्षा आली. मी पेपर लिहीत होतो, पण फोन वाजला की आधी नंबर पाहायचो. सरांना दोनदा विचारलं. ते म्हणाले, निर्णय आमच्या हातात नसतो. बाईंना विचारायची हिंमत झाली नाही. हिराताईंकडे फोन नव्हता. मे महिन्यात गावी गेलो होतो. ओढ्याकाठी आमची शाळा अजून उभी आहे, तिच्यात आता सोसायटीचं खत ठेवतात. मी आत डोकावलो नाही.

जूनमध्ये शाळा उघडल्या त्या आठवड्यात बाईंचा फोन आला. मी जिन्यात होतो. तिथेच बसलो.

"मोहिते, पाड्याची शाळा जोडली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकताय का? जोडली, पण अंतर साडेचारच्या वर धरलंय. तुमचा अर्ज फायलीत लावलेला मी पाहिला. एक किलोमीटरच्या आत धरलं असतं तर मुलांना चालत या म्हणाले असते. आता गाडी मंजूर झालीये. दारापर्यंत येते. मलाही इकडेच दिलंय, निळ्या शाळेत."

"मुलं येतात?"

"चौथीची गेली तेवढीच पहिलीला आली, पट अकराच आहे. आठ येतात. खुश आहेत. ती तुमची परीक्षा घेणारी, आता तिसरीत गेलीये, तिने कपाटातली पुस्तकं संपवायला घेतलीत."

"आणि तिघं?"

बाईंनी कुणाला तरी बसायला सांगितलं. मागे वर्गाचा आवाज येत होता.

"एक रुसलाय, तो येईल. पण दोन मुली आहेत, त्यांच्या आया सकाळी बंदरावर जातात. पाड्यावर होते तेव्हा या मुली आपापल्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायच्या. मी बसू द्यायची, एका कोपऱ्यात खेळायचे. गाडीवाला पटावर नसलेलं मूल घेत नाही. नियम आहे. मग त्या घरी राहतात."

मी विचारलं, काही करता येईल का. त्या म्हणाल्या, अंगणवाडीसाठी अर्ज दिलाय, बघू. हिराताईंना इथे खिचडीचं काम मिळालेलं नाही, पण त्या रोज मुलांची सोबत म्हणून गाडीत बसून येतात आणि बरोबरच परत जातात. कोणी सांगितलेलं नाही.

"नावं कमी केली का त्या दोघींची?" मी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "रोज सकाळी पाड्याची अकरा नावं घेते. थांबते थोडी. मग मांडते गैरहजर."